दादा, त्यातला कुठला विकू?

आज कपाट आवरायला दादा आला होता. वरचा कप्पा उघडला आणि त्याने मोजायलाच सुरुवात केली. सहा निघाले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अगं, फोटो काढायला सहा कॅमेरे लागतात? तेही रोलचे? एक ठेव, बाकीचे विकून टाक. आणि हा डबा तर आधी काढ."

डबा म्हणजे माझा यशिका मॅट १२४ जी, दोन लेन्सचा कॅमेरा. मी काही बोलले नाही, कप्पा लावून घेतला. पण तो गेल्यापासून कशात लक्ष लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी हेच वाक्य कुणाकडून तरी ऐकलेलं असणार.

आधी आत्याबद्दल सांगते. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुन्हा ऐका.

आत्याच्या चेहऱ्याची डावी बाजू आजारपणानंतर ओढली गेली होती. तेव्हापासून तिने फोटो काढून घेणं सोडलं. कॅमेरा वर गेला की तिचा हात वर जायचा. माझ्याकडे निकॉनवर काढलेल्या तीन निगेटिव्ह आहेत, तिन्हींत नुसता तळवा. बोटांवरच्या रेषा मोजता येतील इतका फोकस नेमका, आणि आत्या कुठेच नाही. मी एकदा फार मागे लागले तेव्हा ती म्हणाली, "काढ हवा तर. पण ते डोळ्याला लावू नकोस. ते लावलंस की तू दिसतच नाहीस मला."

मी यशिका घेतला तो या वाक्यामुळे, तो डोळ्याला लावावा लागत नाही म्हणून. गोळा करायची हौस म्हणून नाही.

आता ज्या दोघांवर दादा सगळ्यात जास्त घसरला, त्यांच्याकडे येते. दोन निकॉन एफएम२. "हे तर दोन्ही एकसारखेच!" हो, एकसारखेच. मुद्दाम एकसारखे घेतलेत. एकदा फिल्म घातली की छत्तीस फ्रेम तिच्याशी बांधलेल्या. बाहेर लख्ख ऊन असो की संध्याकाळी दिवे लागलेले असोत, आत १०० ची फिल्म असेल तर १०० चीच (हा आकडा म्हणजे आयएसओ, फिल्म उजेडाला किती संवेदनशील ते). फोनवर बोटाने आयएसओ बदलण्याची सवय झालेल्यांना हे पटकन कळत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून एकात रंगीत असते, दुसऱ्यात ४०० ची कृष्णधवल. बटणं त्याच जागी, लेन्स दोघांनाही त्याच. हात बदलला तरी बोटांना विचार करावा लागत नाही. अर्धा रोल गुंडाळून काढता येतो, आणि पुन्हा घातला की लेन्सवर टोपी ठेवून तेवढ्या फ्रेम सोडूनही देता येतात. येतं, करून पाहिलंय. दोनदा मोजणं चुकलं आणि एकावर एक चित्रं आली. त्यातलं एक भाचीच्या पहिल्या वाढदिवसाचं होतं. तो दिवस परत काढता येत नाही.

आणि एफएम२ म्हणजे काय, हे ज्याने हातात धरलाय त्याला विचारा. १९८२ साली आला. १/४००० सेकंदाचं शटर, आणि तेही पूर्ण यांत्रिक. बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी. ती संपली तरी ऊन बघून अंदाज करायचा आणि काम चालू ठेवायचं. लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६ वर, आणि फिल्मचा जो आकडा तोच शटरचा. १०० च्या फिल्मला मग सगळ्यात जवळचं १/१२५ लावायचं. एवढं डोक्यात असलं की पुरतं.

दादाच्या गॅरेजमध्ये पान्यांची अख्खी रांग आहे. दहाच्या नटाला बाराचा पाना चालत नाही, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. मग मलाच का सांगावं लागतं? राग सहा हा आकडा ऐकून आला नाही. त्याने एकदाही विचारलं नाही की हा कशासाठी आणि तो कशासाठी. मोजले आणि निकाल देऊन मोकळा झाला.

पेंटॅक्स के१००० कुणाकडे असतो माहीत आहे ना? बहुतेक दादाच्याच घरी. त्याची लेक त्यावर शिकली. १९७६ पासून १९९७ पर्यंत तो कॅमेरा बनत राहिला, आणि जगभर शिकणाऱ्यांच्या हातात गेला, कारण त्यात लपवलेलं काही नाही. आत उजेड दाखवणारा एक काटा. काटा मधे आणायचा, फोकस करायचा, दाबायचं. मीटर बंद करायला बटणही नाही, लेन्सला टोपी लावली की झालं. पोरीने पहिला रोल उलगडून खिडकीकडे धरला, तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरणार नाही. तो विकू का दादा? विचार तिलाच.

राहिले दोन लहान. ऑलिंपस पेन ईई पिशवीत असतो. अर्धी फ्रेम, म्हणजे छत्तीसच्या रोलवर बहात्तर चित्रं. लेन्सभोवती उजेडावरच वीज बनवणारी सेलेनियमची जाळी आहे, म्हणून बॅटरी लागतच नाही. उजेड कमी पडला की आत लाल पट्टी वर येते आणि शटर सुटत नाही. मग संध्याकाळी ऑलिंपसचाच एक्सए. १९७९ चा, पेनचे रचनाकार माइतानी, त्यांच्याच हातचा, खिशात मावतो, एफ २.८ ची लेन्स आणि खरा रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस करायची सोय. या दोघांतला एक गेला तर चालेल, हे मान्य करते. चालेल. आवडणार नाही.

आणि हो, फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ. कुणीतरी काढणारच ते नाव. एक लायका कॅमेरा, बहुतेक वेळ एकच ५० मिलीमीटरची लेन्स, आणि त्यातून ते काम. मान्य. पण वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांनी स्पीड ग्राफिक कॅमेराही वापरला आणि रोलायफ्लेक्सही, आणि त्यांना कुणी हौशी म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

पुन्हा आत्याकडे येते, कारण मला खरं तर तिच्याबद्दलच लिहायचंय.

ती खिडकीशी बसून लोकरीचा गुंता सोडवत होती. मी समोर स्टुलावर. यशिका पोटाशी धरायचा आणि वरून आत बघायचं. आत घासलेल्या काचेवर चौकोनी चित्र दिसतं, तेही डावं-उजवं उलटं. ती उजवीकडे झुकली की काचेवर डावीकडे झुकते. मला सवय नव्हती, कॅमेरा सारखा उलट्या बाजूला जात होता, आणि आत्या सांगत होती की माझे बाबा लहानपणी झोपेत कसे चालायचे. मी मान खाली घालून ऐकत होते. मान वर केली की मी तिला दिसत होते. तिच्या आणि माझ्या चेहऱ्यामध्ये काहीही नव्हतं.

आरसा वर उचलला जाणाऱ्या कॅमेऱ्यात नेमक्या त्या क्षणी अंधार होतो. तुम्ही जे टिपता ते तुम्ही पाहिलेलं नसतं. दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात वरची लेन्स बघायला, खालची टिपायला, आतला आरसा जागचा हलत नाही. शटर लेन्समध्येच, पाकळ्यांचं. आवाज म्हणजे नुसता टिक्. हादरा नाही, म्हणून १/३० लाही हात स्थिर राहिला. मी दाबलं तेव्हाही आत्या दिसत होती. तिने विचारलं, "काढलास?" मी म्हटलं, हो. "बरं," म्हणाली, आणि लोकर ओढत राहिली. हात वर गेला नाही.

बारा फ्रेमचा रोल. सातव्या फ्रेममध्ये ती हसतेय, ओढलेल्या बाजूसकट, पूर्ण.

हे सगळं लिहिताना राग बराच उतरला. पण 'अडगळ' असंही म्हणाला होता तो जाताना, ते आत्ता आठवलं आणि पुन्हा चढला. अडगळ असते तिला कुणी हात लावत नाही. मी दर महिन्याला सहाही कॅमेरे बाहेर काढते. शटर सोडून बघते, संथ वेग आधी. ग्रीस सुकलं तर एक सेकंदाचे दोन होतात, मग काही दिवसांनी शटर अडकतंच. लेन्सना बुरशी धरू नये म्हणून सिलिका जेल. मागच्या दाराची फोमची पट्टी विरघळून डांबरासारखी झाली होती, ती काडीने खरवडून मी स्वतः नवी बसवली आहे. हे कॅमेरे आता कुणी बनवत नाही. एक बिघडला तर सुटा भाग दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातूनच येतो. मी विकलेला कुठल्यातरी शोकेसमध्ये दिव्याखाली बसेल आणि त्याचं शटर कायमचं बसेल. मला ते नकोय.

पैसे जातात. हो, जातात. रोल महाग झालेत, धुणं महाग झालंय. माझे जातात.

आत्या गेली त्या दिवशी फोटो शोधायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांच्या फोनमध्ये मिळून तिचा एकही चेहरा नव्हता. कुठे पाठ, कुठे पदर, कुठे हात. मी सातवी निगेटिव्ह घेऊन गेले. तोच फोटो दादाच्या हॉलमध्ये लागलाय. तो रोज त्याच्या समोरून जातो. कुठल्या कॅमेऱ्याने काढला हे त्याने कधी विचारलं नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही. चूक माझीही आहे तेवढी. सांगायला हवं होतं.

दादा, तू हे वाचशीलच. ज्याला डबा म्हणालास, त्याने काढलाय.

परवा त्याच्यात नवा रोल घातलाय, सात फ्रेम झाल्या. रविवारी ये. आत्याच्या खुर्चीत खिडकीशी बस आणि बाबांच्या झोपेत चालण्याचं तुला काय आठवतं ते सांग. पाच शिल्लक आहेत.