दिवस राहण्याआधीचं ताट

माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न वैशाखात आहे. वय चोवीस. मागच्या रविवारी साड्या बघायला घरी आली. सकाळी नुसती बिनसाखरेची कॉफी पिऊन निघालेली. दुपारी पानावर बसली आणि काकडी-टोमॅटो खाऊन उठली. "मावशी, ब्लाउजचं माप दिलंय. आता दोन महिने असंच." बहीण लेकीकडे कौतुकाने बघत होती. माझ्या घशाखाली घास उतरेना. लग्नानंतर सहा महिन्यांत "काही गोड बातमी?" सुरू होईल. दिवस राहिले की हीच माणसं तुपाची वाटी घेऊन तिच्या मागे फिरतील. पण आज तिच्या अंगात रक्त किती आहे, हे कुणालाच विचारावंसं वाटत नाही.

पोस्ट मोठी आहे. लग्न ठरलेली किंवा नुकतंच लग्न झालेली मुलगी घरात असेल तर जरूर वाचा.

मी एकोणतीस वर्षांची असताना माझं वजन ७४ किलो होतं, उंची पाच फूट दोन इंच. पाळी दोन-दोन महिने येत नसे. पीसीओडी, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास, आहे हे आधीच कळलेलं. ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी फाइलवरून नजर न उचलता सांगितलं, "आधी पंधरा किलो कमी करा, मग या." कसं करायचं ते सांगितलं नाही. मी तीन आठवडे ज्यूस आणि सूपवर काढले. केस मूठमूठ गळले, पाळी आणखी लांबली आणि महिन्याभरात वजन होतं तिथे परत आलं. त्या वर्षी मी चार लग्नांना गेले नाही. सगळ्यांची नजर आधी माझ्या पोटावर जायची आणि मग प्रश्न यायचा.

दुसऱ्या डॉक्टर भेटल्या त्या म्हणाल्या, पंधरा किलो विसर. आहे त्या वजनाच्या पाच ते दहा टक्के कमी झालं तरी पीसीओडीत बऱ्याच जणींची पाळी मार्गावर येते. म्हणजे माझ्यासाठी चार ते सात किलो. हा आकडा ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की हे जमेल. रोज पाऊण तास चालणं, रात्रीचं जेवण आठच्या आत, भात अर्धा आणि त्या जागी उसळ किंवा अंडं. सात महिन्यांत सहा किलो गेले, पाळी नियमित झाली आणि नवव्या महिन्यात दिवस राहिले. प्रत्येकीचं असंच होईल असं मी म्हणत नाही. वजन उतरूनही दिवस न राहिलेल्या मैत्रिणी मला आहेत आणि त्यात त्यांची काहीही चूक नाही.

दिवस राहिल्यावर घरचं वारं फिरलं. "आता दोन जिवांचं खायचं." शिरा, लाडू, वरणावर तुपाची धार, आणि जिना उतरायलासुद्धा बंदी. मलाही ते हवंच होतं, इतकी वर्षं हात आखडून खाल्लं होतं. सव्विसाव्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासली, ती १६४ आली. १४०च्या खाली असायला हवी होती. पुढचे तीन महिने प्रत्येक जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चालणं आणि बोटाला सुई. इन्सुलिन लागलं नाही, हे माझं नशीब. कुणाला लागलं तर त्यात कमीपणा नाही.

दोन जिवांचं म्हणजे किती, हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब आहे की गरोदर बाईला रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे दोन चपात्या, वाटीभर आमटी आणि थोडं दही. पहिल्या तीन महिन्यांत तर तेवढंही लागत नाही. वजन किती वाढावं हेसुद्धा आधीच्या वजनावर ठरतं. अमेरिकेत २००९ साली ठरलेल्या मापाप्रमाणे किडकिडीत बाईने १२.५ ते १८ किलो, मध्यम बांध्याच्या बाईने ११.५ ते १६, जाड बाईने ७ ते ११.५ आणि फारच जाड असेल तर ५ ते ९ किलो. सगळ्या गरोदर बायांना एकाच मापाने खाऊ घालणं चूक आहे.

आता माझ्या नणंदेचं सांगते. माण तालुक्यात दिलेली. लग्नात वजन ४१ किलो. तिच्या सासरी समजूत अशी की बाईने पोटभर खाल्लं तर बाळ मोठं होतं आणि बाळंतपण अडतं. लोहाच्या गोळ्या दवाखान्यातून आणायची आणि चुलीमागे ठेवून द्यायची, कारण त्यांनी बाळ काळं होतं म्हणे. सातव्या महिन्यापर्यंत डोक्यावर हंडा. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं तिच्या ताटात. डोहाळजेवणाला मात्र हिरवी साडी, फुलांची वाडी, पाच पक्वान्नं आणि फोटो. बाळ जन्मलं ते २ किलो १०० ग्रॅमचं. अकरा दिवस काचेच्या पेटीत. त्या अकरा दिवसांत ती माझ्याशी फक्त एवढंच बोलली, "वहिनी, मी खाल्लं असतं हो."

हे वाक्य मी विसरू शकत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत अशाच बायांचा अभ्यास केला. गरोदरपणाआधी त्यांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. ज्या बाया हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात-पीत होत्या त्यांची बाळं चांगल्या वजनाची होती. आणि ज्यांना शेतातली, पाण्याची, घरची कामं जास्त पडायची त्यांची बाळं लहान होती. म्हणून "आमच्या वेळी बाया शेतात राबायच्या, त्यांना कुठं व्यायाम लागला" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. पोटभर जेवलेल्या बाईचं रोज अर्धा तास चालणं आणि उपाशी बाईने हंडे वाहणं, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शहरातल्या सुनेला पलंगावरून उठू द्यायचं नाही आणि गावातल्या सुनेला टेकू द्यायचं नाही, असं आपल्याकडे चालतं. डॉक्टरांनी काही कारणाने मनाई केली नसेल तर गरोदर बाईने आठवड्याला दीडशे मिनिटं चालावं, बोलता येईल इतक्या वेगाने.

मुंबईतल्या वस्त्यांमध्ये २००६ पासून एक प्रयोग झाला. पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ बायांना रोज दिला, तोही दिवस राहण्याच्या आधीपासून. त्यातल्या ज्या बाया फार किडकिडीत नव्हत्या त्यांच्या बाळांचं वजन वाढलं, आणि हा खाऊ खाणाऱ्यांमध्ये गरोदरपणातला मधुमेहही कमी दिसला. अगदी किडकिडीत बायांच्या बाळांत मात्र वजनाचा तसा फरक पडला नाही. हे वाचलं तेव्हा नणंदच डोळ्यांपुढे आली. मला त्यातून एवढंच कळतं की लहानपणापासूनची उपासमार काही महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही.

आणखी एक. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली, घरी तपासलं, डॉक्टरांची वेळ घेतली, तोवर ती मिटलेलीसुद्धा असते. म्हणून ती नळी नीट मिटायला लागणारी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मूल हवं असं ठरवल्यापासून घ्यायची, दिवस गेल्यावर सुरू करून उशीर होतो. सोबत बी-१२ जीवनसत्त्व तपासायचं, विशेषतः शाकाहारी घरात. पुण्याच्या त्याच अभ्यासात बहुतेक बायांमध्ये ते कमी निघालं होतं. रक्ताचं तर काय सांगू. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांमध्ये रक्त कमी होतं. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, चहासोबत नको.

आणि हे सगळं फक्त मुलीलाच का सांगायचं? पुरुषाचं बीज तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. त्याचं पोट, त्याची तंबाखू, त्याची दारू, या सगळ्याचा त्यात वाटा असतो. माझ्या वेळी दोन वर्षं तपासण्या माझ्याच झाल्या. माझ्या नवऱ्याची साधी तपासणी करावी, असं दोन्ही घरांत कुणी सुचवलं नाही. मीही नाही.

रविवारी भाची निघताना मी बहिणीला थांबवलं. रुखवताच्या यादीत हिचं रक्त तपासणंही लिही म्हटलं. तिला आवडलं नाही, "लग्नाच्या घरात दुखण्याचं काय काढतेस" म्हणाली. तरी बुधवारी घेऊन गेली.

काल रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ९.४, बी-१२ही कमी. गोळ्या सुरू झाल्यात. आज सकाळी बहिणीने डब्याचा फोटो पाठवला, मेथीची भाजी, दोन चपात्या, उकडलेलं अंडं. होणाऱ्या जावयांनाही तपासून घ्यायला सांग, असं मी लिहिलंय. अजून तिचं उत्तर आलेलं नाही.