जंजिऱ्याचे ‘चमत्कार’ आणि जंजिऱ्याचा इतिहास

मुरुडजवळच्या जंजिरा किल्ल्याविषयी मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात तीन दावे हमखास असतात: अभेद्य तटामुळे हा किल्ला कधीच कोणाच्या हाती लागला नाही, भर समुद्रातील गोड्या पाण्याचे कोडे विज्ञानालाही उलगडलेले नाही आणि ‘कलाल बांगडी’ ही तोफ कडक उन्हातही तापत नाही.

पहिल्या दाव्यात सत्याचा अंश आहे, कारण 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत जंजिरा तेथील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी राज्यकर्त्यांकडेच राहिला. मात्र राजपुरीसमोरच्या या बेटावर आधी कोळ्यांचा मेढेकोट, म्हणजे लाकडी ओंडक्यांचा कोट, होता आणि निजामशाहीचा सरदार पिरमखान याने तो त्यांच्याकडून बळकावला, हे त्या मजकुरात कोठेही येत नाही. पुढचा इतिहास तर तटापेक्षा राजकारणाचा अधिक आहे. 1670च्या सुमारास जंजिऱ्याचा सिद्दी प्रमुख फत्तेखान किल्ला शिवाजी महाराजांच्या स्वाधीन करण्याच्या बेतात असताना त्याच्याच सिद्दी सहकाऱ्यांनी त्याला कैद केले आणि मोगलांचा आश्रय धरला. शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे यांच्या मोहिमेत लाय पाटील या कोळ्याने रात्री तटाला शिड्या लावल्या, परंतु पाठोपाठ यावयाची कुमक वेळेवर पोहोचली नाही, असे परंपरा सांगते. म्हणजे तेथे उणीव पडली ती शिडीवर चढणाऱ्या माणसांची, शिडीच्या उंचीची नव्हे. 1682 मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत भराव घालून बेटापर्यंत वाट काढण्याचे काम हाती घेतले होते, पण मोगल फौज कोकणात उतरल्याने त्यांना माघारी वळावे लागले. सिद्दी अजिंक्य होते असेही नाही: 1736 मध्ये चिमाजी अप्पांनी रेवसजवळच्या लढाईत सिद्दी सातास ठार केले.

पाण्याचे कोडे कोकणातील पावसाळा पाहिलेल्या माणसाला पडू नये. चार महिन्यांत जेथे तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो, तेथे खडकात खोदून दगडांनी बांधून काढलेले तळे भरते, यात नवल ते काय? सिंधुदुर्गावरही दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव आहेतच. कौतुक करावयाचे तर जागा हेरणाऱ्या आणि बांधकाम करणाऱ्या कारागिरांचे करावे. चमत्कार म्हटले की नेमके त्यांचेच श्रेय जाते.

तोफेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. धातू उन्हात तापतो. शंका असल्यास वैशाखातील दुपारी तिला हात लावून पाहावा.

या मजकुरात पद्मदुर्गाचे नावही नसते, हे मात्र खटकते. जंजिऱ्यावर वचक बसावा म्हणून शिवाजी महाराजांनी कासा बेटावर उभारलेला हा जलदुर्ग जंजिऱ्याच्या तटावरून दिसतो. त्याच्या तटातील दगड लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने झिजून आत गेले आहेत, पण सांध्यांतील चुना अजून तसाच पुढे आलेला आहे. तो चुना कोणत्या मिश्रणाचा होता, हा प्रश्न न तापणाऱ्या तोफेपेक्षा कितीतरी अधिक विचारण्याजोगा आहे.