बेडेल आणि ब्यूफोर्ट: फरक फक्त लांबीचा नाही

बार्बर या ब्रिटिश कंपनीच्या मेणकापडी (पाणी आत शिरू नये म्हणून मेण लावलेल्या सुती कापडाच्या) जॅकेटांवरचा तुमचा लेख छान आहे, पण तिच्या बेडेल आणि ब्यूफोर्ट या दोन मॉडेलांबद्दल त्यात म्हटलंय की बेडेल म्हणजे आखूड ब्यूफोर्ट, हे पटत नाही. 1980 चं बेडेल घोडेस्वारीसाठी आलं, म्हणून पाठीमागे दोन चिरा आणि बाहीच्या आत विणलेले कफ. ब्यूफोर्ट शिकाऱ्यांचं, त्याच्या पाठीत टिपलेले पक्षी ठेवायचा रुंद खिसा असतो.

आणि जॅकेट कोमट पाण्यात साबणाने धुवायचा लेखातला सल्ला कृपया काढाच! मेण निघून जातं, कापड पाणी शोषायला लागतं. गार पाण्याने स्पंज फिरवा, वाळू द्या. मग मेणाचा डबा गरम पाण्यात ठेवून मेण पातळ करा, कापडाने पातळ थर लावा. शिवणी आणि कोपरांवर नीट चोळा, पाणी आधी तिथूनच शिरतं. हेअर ड्रायरने जिरवा. कॉर्डरॉयच्या कॉलरला मात्र मेण लागू देऊ नका.