यलो कार

काल संध्याकाळी सर्टिफिकेट आलं. सोनेरी किनार, खाली दोन सह्या, कोपऱ्यात गोल शिक्का आणि मधोमध ठसठशीत अक्षरांत माझं नाव: यलो कार. श्री. यलो कार यांनी यलो बेल्ट प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केलेलं आहे.

माझं आडनाव येळ्ळूरकर. आजोबा येळ्ळूर सोडून बेळगावच्या शहापुरात आले, तेव्हापासून कचेरीत एक, बँकेत दुसरं आणि रेशनकार्डावर तिसरंच, असं ते लिहिलं गेलंय. पण आजवर त्याची मोटारगाडी कुणी केली नव्हती.

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी क्वालिटी बघतो. ऑडिटला आलेल्या गिऱ्हाइकानं 'तुमच्यात सिक्स सिग्मा कोण शिकलंय?' असं विचारलं, मालकांनी माझ्याकडे बोट केलं आणि माझे चार रविवार ऑनलाइन क्लासात गेले. त्यातल्या पायऱ्यांना कराटेसारखे बेल्ट असतात. 'बेल्ट मिळणार' म्हटल्यावर बायको म्हणाली, "बरं झालं, जुन्याची भोकं संपलीत."

१९८६ साली मोटोरोलात बिल स्मिथ नावाच्या इंजिनिअरनं हे सिक्स सिग्मा, म्हणजे कामातल्या चुका कमी करायची पद्धत, सुरू केलं. दहा लाख वेळा काम केलं तर चुका ३.४ च व्हाव्यात, असा त्याचा हिशोब. मी बहुधा त्यातला पॉइंट चार.

तिसऱ्या रविवारी शेजारचे आप्पा पेपर वाचायला आले. आप्पांनी मोल्डर म्हणून, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करत, पस्तीस वर्षं वाळूत काढलीत. बायकोनं त्यांच्या हातात उप्पीटाची बशी दिली आणि ते माझ्या मागच्या खुर्चीत बसले.

"काय बघुलास रे?"

"क्लास आहे आप्पा."

"ह्या वयात? नापास झालतास काय?"

तेवढ्यात पुण्याच्या मॅडमनी मलाच उठवलं. "सर, आपल्याकडची एखादी समस्या सांगा बरं. आपण पाच वेळा 'का' विचारू या. टोयोटाची पद्धत आहे ही."

मी सांगितलं, पंप बॉडीच्या कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे हवेची भोकं, येतात.

"का येतात?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "वाळूत पाणी जास्त झालं असंल."

"अगदी छान! पाणी का जास्त झालं?"

"पोरगं नवीन आहे की हो. वाळू मुठीत दाबायची, गोळा करायचा आणि मोडायचा. कड साफ तुटली तर वाळू बरोबर. हाताला चिकटली तर पाणी जास्त. हे त्याला कोण सांगितलंय?" बोलता बोलता आप्पांनी बशीतलं उप्पीट मुठीत दाबलं आणि माझ्या खांद्यावरून मूठ कॅमेऱ्यासमोर धरून उघडली. उप्पीट पाची बोटांना चिकटलं होतं. "हे बघा. ह्यात पण पाणी जास्त."

स्वयंपाकघरातून पातेलं आपटल्याचा आवाज आला. तो सत्तावीस जणांनी ऐकला.

मॅडम मात्र रंगात आल्या होत्या. "मग मुलगा नवीन का?"

"जुना गेला म्हणून."

"का गेला?"

"शेजारच्या शेडात दोन हजार जास्त देतात म्हणून."

"मग आपल्याकडे का नाही देत?"

"ते मालकाला विचारा. दिवाळीला पावशेर कुंदा देतोय आणि वर्षभर बोलून दाखवतोय."

दुसऱ्या रांगेतला तिसरा काळा चौकोन मालकांचा होता. 'आपणही शिकावं' म्हणून कॅमेरा बंद ठेवून बसले होते. त्या चौकोनाचा माइक उघडला, एक खोकला आला, माइक मिटला.

"मूळ कारण माणसात नाही, प्रक्रियेत शोधायचं असतं," मॅडम घाईनं म्हणाल्या आणि फळ्यावर 'ट्रेनिंग गॅप' लिहून मोकळ्या झाल्या.

"मग पगार काय प्रक्रियेत येत नाही काय?" आप्पांनी विचारलं. एवढ्यात मला म्यूटचं बटण सापडलं.

गंमत सोडा, म्हातारा बरोबर होता. पाचव्या 'का'पर्यंत तो सरळ चालत गेला आणि तिथं पोचल्यावर आम्ही सगळे माघारी फिरलो. दुसऱ्या दिवशी वाळूच्या ढिगाशेजारी लॅमिनेशन केलेला इंग्रजी कागद लागला: पाणी मोजून घाला. पोरगं ओडिशाचं आहे. त्या कागदाला ते टोपी अडकवतं.

आज दुपारी नावासाठी हेल्पलाइनला फोन लावला. वाट बघणं हा सात 'मुदां'मधला, म्हणजे वायफळ खर्चातला एक, हे त्यांनीच मला शिकवलंय. टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटला मालगाडी सुद्धा लवकर सरकते. इथं बावीस मिनिटं बासरी. मग एक मुलगा म्हणाला, "नाव तुम्हीच भरलंय सर."

"मी बरोबर भरलंय. फोटो आहे माझ्याकडे."

"मग सिस्टिमनं आपोआप दुरुस्त केलं असेल."

"म्हणजे ही तुमची चूक ना?"

"नाही सर, ही रिक्वेस्ट आहे. पाचशे रुपये, दहा वर्किंग डेज."

पाचशे! एका अक्षराचा दोष काढला म्हणून गिऱ्हाइकाकडून आम्ही पाचशे मागितले असते, तर त्यानं कास्टिंग आमच्याच डोक्यात घातलं असतं. फोन ठेवून मालकांकडे गेलो. त्यांनी सकाळीच प्रिंट काढून, फ्रेम करून, लक्ष्मीच्या फोटोशेजारी लावूनही टाकलं होतं.

"नाव कोण बघतंय? ऑडिटवाले बेल्ट बघतात," ते म्हणाले. पाचशेचा विषय मी काढलाच नाही. कुंद्याची आठवण त्यांना अजून असणार.

संध्याकाळी स्कूटर काढली, तर वॉचमन धावत आला आणि ट्रकसाठीचं मोठं गेट दोन्ही बाजूंनी सताड उघडून उभा राहिला.

"या, गाडी मोठी आहे," म्हणाला.