खुलासा : धुळ्याच्या थंडीचा आकडा खोटा नाही

‘सुरत आणि धुळे दोन्ही २१ अंश अक्षांशाजवळ, सुरतेत कडाका नाही, मग धुळ्यात पारा ६ अंशांवर कसा? आकडा खोटा,’ असा मेसेज खान्देशात फिरतोय. अक्षांश बरोबर आहे, निष्कर्ष साफ चुकीचा.

अक्षांशावरून सूर्य किती वर चढतो आणि दिवस केवढा, एवढंच ठरतं. दिवसाची ऊब रात्री किती टिकणार, हे समुद्र आणि हवेतला ओलावा ठरवतात. पाणी हळू तापतं, हळूच निवतं. सुरतेला अरबी समुद्राजवळ असल्याचा हा आधार मिळतो. धुळे समुद्रापासून सुमारे २०० किलोमीटर आत. हिवाळ्यात इथली हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यात उत्तरेचे वारे. सूर्य मावळला की जमिनीची उष्णता भराभर निघून जाते. थंड हवा जड असल्याने सखल भागात साचते, म्हणून गावातल्या गच्चीपेक्षा नदीकाठच्या मळ्यात पहाटे जास्त काकडतं. भर महासागरातलं होनोलुलूही २१ अंशांवरच आहे, तिथे जानेवारीतही असा गारठा नसतो.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांनी तर या मेसेजवर मुळीच विसंबू नये. पारा १० अंशांखाली उतरला की केळीची वाढ खुंटते. रात्री पाणी द्या, पहाटे बांधावर धूर करा.