पेढा झोपलेला आहे

आमच्या इमारतीत लिफ्टशेजारी जो सूचनाफलक आहे, त्यावर पाण्याच्या टाकीची सफाई आणि थकीत देखभाल शुल्क या दोन कागदांच्या मधोमध परवापासून एक नवी सूचना झळकते आहे : ‘काही सभासद आपल्या सदनिकेत उंदीर बाळगून असल्याचे निदर्शनास आले आहे. संबंधितांनी कार्यालयाशी तत्काळ संपर्क साधावा.’ संबंधित मी एकटाच आहे. नाव छापलेले नाही हा समितीचा मोठेपणा म्हणायचा. परंतु सूचना लागल्यापासून वॉचमन माझ्या भाजीच्या पिशवीकडे ज्या नजरेने पाहतो, ती पाहता नाव न छापून काय साधले ते मला समजलेले नाही.

मुळात तो उंदीर नव्हे, हॅमस्टर आहे. आठवीचा निकाल लागण्यापूर्वी कन्येने घातलेली अट आणि निकाल लागल्यावर तिने करून दिलेली त्या अटीची आठवण, एवढ्या भांडवलावर तो घरी आला. रंगावरून त्याचे नाव पेढा ठेवले.

दुकानातून घरापर्यंतचा प्रवास त्याने भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात केला आणि पिंजऱ्यात सोडल्यावर तो कोपऱ्यात जो गोठून बसला, तो बराच वेळ जागचा हलला नाही. कान मागे दुमडलेले, पुढचा एक पंजा अर्धवट उचललेला, डोळे काळ्या मण्यांसारखे टक्क उघडे, आणि अंगातले एवढेच जिवंत वाटावे अशी बरगड्यांची भराभर चाललेली धडधड. असा घाबरलेला हॅमस्टर रुळावा म्हणून काय करावे, याविषयी पशुवैद्य आणि जाणकार यांच्यात आश्चर्य वाटावे इतके एकमत आहे : काहीही करू नये. पिंजऱ्यावर तीन बाजूंनी कापड टाकावे, पोटभर खणता येईल इतका जाड भुसा आणि कागदाच्या पट्ट्या द्याव्यात, दाणापाणी ठेवावे आणि काही दिवस त्याला हातसुद्धा लावू नये. त्याची नजर अधू असते आणि सारे जग तो वासाने ओळखतो; म्हणून पुढेही पिंजरा साफ करताना त्याच्या वासाचा थोडा जुना भुसा मुद्दाम शिल्लक ठेवायचा असतो, नाहीतर त्याला पुन्हा परक्या घरी आल्यासारखे होते. हात वरून घालायचा नाही, कारण त्याच्या पूर्वजांच्या अनुभवात वरून येणारी वस्तू बहुतेक वेळा घुबड असे. तळहातावर सूर्यफुलाची एक बी ठेवून, हात पिंजऱ्याच्या तळाशी टेकवून, त्याला वाटेल तेव्हा तो येईल म्हणून वाट पाहायची. उपाय इतका सोपा आणि बिनखर्चाचा असल्यामुळेच आमच्या घरात तो अमलात आणणे अशक्य होते.

आपल्याकडे कोणाला एकटे सोडणे म्हणजे त्याची आबाळ करणे. मागे माझे अपेंडिक्स काढले, तेव्हा डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली असल्याची बातमी नातेवाइकांत पसरताच, ती विश्रांती मी कशी घेतो आहे हे पाहायला निम्मे गोत्र रुग्णालयात येऊन बसले होते. टाके घातलेल्या माणसाला विनोद सांगू नयेत एवढेही भान कोणाला राहिले नव्हते. जिथे माणसाची ही गत, तिथे सव्वाशे ग्रॅम वजनाच्या जिवाला कोण विचारतो?

पिंजरा ठेवायला मी आमच्या निजायच्या खोलीतला आतला कोपरा निवडला होता. तिथे ऊन येत नाही, वर्दळ नाही, दूरचित्रवाणीचा आवाज पोहोचत नाही. परंतु त्या कोपऱ्याच्या बरोबर वर छताला ओल आहे. ही ओल वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून येते, गेल्या पावसाळ्याच्याही आधीपासून येते आहे, आणि तिच्याविषयीचा माझा अर्ज सोसायटीच्या कार्यालयात तितकाच काळ मुरतो आहे. दमट जागा हॅमस्टरला सोसत नाही. तेव्हा पिंजरा उचलून बैठकीच्या खोलीत आणावा लागला आणि एकान्तवास मिळायला हवा होता त्या प्राण्याची स्थापना घरातल्या सर्वांत गजबजलेल्या जागी झाली. माणसाच्या कानाला न कळणारे अतिशय वरच्या पट्टीतले आवाजही त्याला ऐकू येतात. ते कोणते असतात याची मला कल्पना नाही, परंतु माणसाला कळणारे आवाजच आमच्याकडे भरपूर आहेत. सकाळी घंटागाडीचे गाणे, मग कुकरच्या शिट्ट्या, मग मिक्सरमधली चटणी, मग भंगारवाल्याचा कर्ण्यातून येणारा ध्वनिमुद्रित पुकारा, आणि दाराची घंटा तर अशी की दाबणाऱ्याने बोट उचलले तरी तिचे आरतीचे कडवे पूर्ण झाल्याखेरीज ती थांबत नाही. त्या कडव्याच्या पहिल्या ओळीला पेढा जो सुगडात शिरायचा, तो पुढचे तास दोन तास बाहेर यायचा नाही.

हे सुगड संक्रांतीचे. बाजारात मिळणारी हॅमस्टरची प्लॅस्टिकची घरे उन्हाळ्यात आतून तापतात आणि कुरतडलीही जातात. त्यापेक्षा आडवे ठेवलेले मातीचे सुगड गार राहते आणि आत गोल अंधार मिळतो, म्हणून मी माळ्यावरून एक काढून दिले होते. वाणाच्या सुगडात उंदीर झोपतो हे पाहून आमच्या सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. घरात तेवढीच काय ती शांतता.

आता अण्णांविषयी. अण्णा आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, म्हणजे ओल त्यांचीच. सरकारी धान्यगोदामाच्या नोकरीतून ते निवृत्त झाले आणि त्या नोकरीतली त्यांची उमेदीची सर्व वर्षे उंदरांशी लढण्यात गेली. साहजिकच इमारतीच्या उंदीर-निर्मूलन उपसमितीचे ते अध्यक्ष, चिटणीस आणि एकमेव सदस्य आहेत. पाइपांच्या मोऱ्यांमध्ये औषधाच्या वड्या कुठे ठेवायच्या हे तेच ठरवतात आणि त्यासाठी घरटी वर्गणीही तेच काढतात. काखेत पावतीपुस्तक घेऊन ते भर दुपारी तीन वाजता आमच्या दारात उभे राहिले, तेव्हा घंटेचे कडवे नुकतेच संपत आले होते.

“कुठे आहे?” चपला काढता काढता त्यांनी विचारले.

“झोपलेला आहे, अण्णा.”

“दुपारी तीनला?”

“तो रात्रीचा प्राणी आहे. दिवेलागणीनंतर उठतो.”

“म्हणजे चोरांचेच वेळापत्रक,” असे म्हणून अण्णांनी पिंजऱ्यावरचे कापड बाजूला केले, खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि मी हात पुढे करेपर्यंत पिंजऱ्याच्या गजांवर तो तीन वेळा वाजवला. सुगडाच्या तोंडाशी आधी मिशा आल्या, मग नाक आले, आणि मग तिसऱ्या ठोक्याला दोन्ही एकदम नाहीसे झाले. चार दिवस कुजबुजत बोलून, पायांत मोजे घालून, मोबाइल मुका करून जे काही कमावले होते, ते त्या तीन ठोक्यांत गेले.

“शेपूट दिसली नाही,” अण्णा म्हणाले.

“असते, पण अगदी आखूड.”

“तुटली का?”

“जन्मतःच तशी असते.”

“मग धरायचा कशाला?” अण्णांच्या स्वरात खरीखुरी चिंता होती. “उंदीर शेपटीला धरायचा असतो.”

“धरायचा नाहीच आहे, अण्णा. तोच तर मुद्दा आहे.”

यावर अण्णांनी माझ्याकडे जे पाहिले, ते गोदामाची किल्ली उंदराच्या हाती देणाऱ्या हाताखालच्या कारकुनाकडे पाहावे तसे होते. हा आपल्याकडचा घरउंदीर नव्हे हे ठसवण्यासाठी मी त्यांना त्याची कुळकथा सांगायला घेतली. १९३० साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले इस्रायल अहारोनी नावाचे प्राणिशास्त्रज्ञ सीरियातल्या अलेप्पोजवळच्या शेतात गेले, तिथे जमीन खोल खणून त्यांनी एक मादी आणि तिची अकरा पिल्ले मिळवली, आणि आज जगभरच्या घरांत व प्रयोगशाळांत जे सोनेरी हॅमस्टर आहेत ते बहुतांशी त्याच एका बिळाचे वंशज आहेत. एवढी थोर वंशावळ आमच्या इमारतीतल्या एकाही सभासदाची नसावी. अण्णांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

“फक्त अकरा?” ते म्हणाले. “आमच्याकडे एका पोत्याखाली अकरा निघायचे. बरे, यांचे दिवस किती?”

“सोळा.” खरे सांगितल्याने माणसाचे नुकसान होत नाही असे मला लहानपणी शिकवलेले आहे.

“सोळा दिवसांत अकरा?” अण्णांनी पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर आकडे मांडले.

“पण हा एकटा आहे, अण्णा. नर आहे.”

“एकटा आहे हे तुम्ही म्हणता.”

या घटकेला मी त्यांना हाताला धरून आतल्या खोलीत नेले आणि वर बोट दाखवले. छताच्या त्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे सुटून खाली लोंबत आहेत आणि मधोमध बशीएवढा काळपट डाग आहे. हा डाग नसता तर पिंजरा इथे असता, पेढा निवांत झोपला असता आणि आपल्याला त्याची शेपूट शोधावी लागली नसती, असे मी त्यांना शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितले. अण्णांनी वर पाहिले नाही. माणसाची मान वर होऊ नये यासाठी किती मनोनिग्रह लागतो, हे मी त्या दिवशी पाहिले. “तो विषय आपण सर्वसाधारण सभेत घेऊ,” ते म्हणाले. “रात्री उठतो म्हणालात ना? मग रात्री येतो.”

आणि ते खरोखरच आले. बरोबर काकू होत्या, साताऱ्याहून आलेली त्यांची मेहुणी होती, आणि मोबाइलचा दिवा लावून चित्रीकरण करायला सिद्ध झालेला एक भाचा होता. आलेल्या माणसांना तसेच कसे पाठवायचे म्हणून सौभाग्यवतींनी पोहे टाकले. पाहुणे सोफ्यावर ओळीने बसले, पोह्यांवर खोबरे पडले, आणि उत्सवमूर्ती अद्याप सुगडातच होती. तिच्या वतीने प्रश्नांची उत्तरे मी देत होतो. काय खातो? चावतो का? आवाज करतो का? काकूंनी पिंजऱ्यात डोकावून “एकटाच ठेवलाय बिचाऱ्याला, कुढेल की, जोडी आणा,” असा आग्रह धरला. ही जात मोठी झाल्यावर दुसऱ्याला आपल्या हद्दीत खपवून घेत नाही आणि दोघांना एका पिंजऱ्यात ठेवले तर एकमेकांचा जीवही घेतात, असे मी सांगितले, तेव्हा काकूंनी अण्णांकडे एकदा पाहिले आणि पोहे पुढे ओढले.

दहाच्या सुमाराला पेढा बाहेर आला. भाच्याचा दिवा विझवायला मला दोनदा विनवणी करावी लागली. त्याने वाटीतला एकेक दाणा उचलून गालांत सारायला सुरुवात केली. हॅमस्टरच्या गालांच्या पिशव्या पार खांद्यांच्या मागेपर्यंत जातात. बघता बघता त्याचे डोके अंगापेक्षा रुंद झाले आणि तो भुशात शिरून तो सगळा ऐवज दोन्ही पंजांनी गाल दाबून रिता करू लागला. अण्णा सोफ्यावरून उठले. इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिला नव्हता.

“अहो, हा साठेबाज आहे!” ते म्हणाले. “१९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली याला आत टाकता येईल.”

आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन त्यांनी बशीतली लसणाची शेव गजांतून आत घातली. लसूण या प्राण्याला चालत नाही, म्हणून ती मी चिमट्याने बाहेर काढली. त्यासाठी पिंजऱ्याचे दार उघडून वरून हात घालावा लागला, म्हणजे घुबड झाले तेही मलाच व्हावे लागले. पेढा चीत्कारत उताणा पडला आणि दात दाखवू लागला. “आमच्या गोदामातले साबणसुद्धा पचवायचे,” अण्णा नाराजीने म्हणाले. जाताना त्यांनी मला बाजूला घेतले आणि आम्ही मारायचे आणि तुम्ही पाळायचे हे हिशेबात बसत नाही, तेव्हा निर्मूलनाची वर्गणी तुमच्याकडून दुप्पट घ्यावी काय हा प्रश्न आपण समितीपुढे ठेवणार आहोत, अशी पूर्वकल्पना दिली. सूचना दुसऱ्या दिवशी लागली.

कार्यालयात गेलो तर व्यवस्थापकांनी पाळीव प्राण्यांच्या नोंदणीचा अर्ज पुढे केला. तो कुत्र्यांसाठी तयार केलेला आहे. ‘भुंकतो का’ या रकान्यात मी नाही लिहिले. ‘लिफ्टने नेणार की जिन्याने’ यात कोठेही नाही असे लिहिले. ‘स्वभाव’ या रकान्यात भित्रा, आणि कंसात अलीकडे अधिक. रेबीजच्या लसीचा दाखला मागितला होता. हॅमस्टरसाठी अशी लसच नसते, आणि तसे पशुवैद्यांचे पत्र मी सोबत नेले होते. व्यवस्थापकांनी ते वाचले आणि लस नसल्याचे पत्र चालत नाही, लस दिल्याचे लागते, असे सांगितले. लस नाही तर देणार कुठून, असे मी विचारले. तो प्रश्न पशुवैद्यांना विचारावा, असे ते म्हणाले. मी विचारतो म्हणालो.

एवढ्या अवधीत मी आणखी एक काम उरकून घेतले होते. छताच्या ओलीच्या अर्जाची नवी प्रत, छायाचित्रांसह, मी पेढ्याच्या अर्जाच्या मागे टाचून दिली होती. उंदराचा कागद फिरेल तिथे ओलीचाही फिरेल, असा माझा हिशेब होता. व्यवस्थापकांनी कागद उलटून पाहिले, टाचणी काढली, ती टेबलावरच्या डबीत ठेवली, ओलीचा अर्ज मला परत दिला आणि उंदराच्या अर्जावर ‘मिळाला’ असा शिक्का मारला.