खुलासा: मेनोनाइट मंडळी बाहेरच्या तरुणांना बंद नाही

मेनोनाइट हा ख्रिस्ती धर्मातला एक पंथ. ‘मेनोनाइट जन्मानेच होता येते, बाहेरून येणाऱ्याला गाडी आणि मोबाइल सोडावा लागतो’ असा संदेश फिरतो आहे. दोन्ही दावे चुकीचे आहेत. घोडागाडी वापरणारे जुन्या वळणाचे गट वेगळे. मेनोनाइट चर्च यूएसए या अमेरिकेतल्या मेनोनाइट संघटनेत वाहनाचे किंवा पोशाखाचे असे नियम नाहीत.

जन्माने तर कुणीच सभासद होत नाही. १५२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला ही चळवळ उभी राहिली तीच मुळी जाणत्या वयात स्वतःहून घेतलेल्या बाप्तिस्म्यावर, म्हणजे पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षाविधीवर.

सभासद व्हायचे असेल तर प्रथम काही महिने रविवारच्या उपासनेला जावे. मात्र तेवढ्यावर थांबणारे बरेचदा परकेच राहतात. खऱ्या ओळखी होतात त्या घरगुती गटांत आणि उपासनेनंतरच्या सहभोजनात. मग पाळकांना सांगून सभासदत्वाच्या वर्गाला बसावे. तिथे सहसा १९९५ च्या विश्वास-अंगीकाराच्या (श्रद्धेच्या लेखी जाहीरनाम्याच्या) २४ कलमांवर चर्चा होते. शेवटी मंडळीसमोर आपल्या श्रद्धेची साक्ष आणि बाप्तिस्मा, बहुधा डोक्यावर पाणी ओतून.

अडचण येते ती दुसऱ्या चर्चमध्ये बालपणी बाप्तिस्मा झालेल्यांना. काही मंडळ्या तो पुन्हा घ्यायला सांगतात, काहींना विश्वासाची जाहीर कबुली पुरते. हे सुरुवातीलाच विचारावे. शिक्षणापुरते आलेल्यांना काही ठिकाणी सहयोगी सभासदत्व मिळते. त्यात मूळ मंडळीतले नाव कायम राहते.